घरचा हात शेवटचा

७ ऑक्टोबर

अण्णा,

"तिला बोलावणार असाल तर मी येणार नाही," असं तुम्ही त्या मुलीला फोनवर सांगितलंत. ती मुलगी काल माझ्या दुकानात आली. तुमचं वाक्य तिने जसंच्या तसं सांगून टाकलं आणि मग तिचीच मान खाली गेली. मी तिला बसायला सांगितलं. दुकानात खुर्ची एकच आहे, डोळे तपासायची. त्यामुळे पुढचं सगळं ती हनुवटी टेकायच्या पट्टीमागून बोलली.

तिला सगळे कप्तान म्हणतात. शेवटच्या वर्षाला आहे. नखांत वंगण. विद्यापीठातली ही मुलं शर्यतीची गाडी स्वतः बांधतात. एका माणसापुरती, जमिनीला जवळजवळ टेकलेली. ती गाडी हीच चालवते. आपला धाकटा त्याच संघात होता, हे मला माहीत होतं. तुम्हालाही असणार, पण 'गाड्यांचे खेळ' म्हणून तुम्ही कधी विचारलं नसेल.

त्यांची एक पद्धत आहे. विद्यापीठातून सैन्यात गेलेले आणि परत न आलेले जे विद्यार्थी, त्यांच्यातल्या एकाचं नाव दर वर्षी गाडीच्या नाकावर लिहितात. यंदा धाकट्याचं आहे. शर्यतीच्या आधी संघ रांगेत उभा राहतो. नाव पुकारलं जातं आणि सगळे एका आवाजात "हजर" म्हणतात. राष्ट्रगीत होतं. मग घरचा एक माणूस पुढे येऊन डावीकडच्या पुढच्या चाकाचा नट आवळतो. या गाड्यांच्या चाकाला एकच नट असतो, मधोमध, मुठीएवढा. त्यानंतर त्या चाकाला कुणी हत्यार लावत नाही. गाडी तशीच शर्यतीला सुटते.

"घरचा हात शेवटचा, असं म्हणतो आम्ही," कप्तान म्हणाली.

हात एकाचाच. तुमचा की माझा, एवढंच तिला हवं होतं. मी म्हटलं, अण्णा येतील, मी येणार नाही. म्हणजे तुमची अट पाळली गेली. आता नाही म्हणू नका.

जाता जाता मी तिला विचारलं, संघात धाकट्याला काय म्हणायचे?

"कवायत," ती म्हणाली. तिने त्याला पाहिलेलं नाही, पण नाव अजून चालतं. "काहीही सांगायचं असलं की आधी टाचा जुळवायचे म्हणे. इंजिनातून तेल गळतंय हे सांगायचं असलं तरी."

शाळेच्या मैदानावर जगाच्या पोरांना ताठ उभं केलंत. आपलं पोर कुठे जाऊन कवायत झालं, बघा.

त्या मुलीचा डावा डोळा अधू आहे. तिला ते माहीतच नव्हतं. चष्मा करून देते आहे. हेल्मेट मागवून घेतलंय, आत दांड्या बसतात का ते बघायला.

तुमची थोरली


१९ ऑक्टोबर

अण्णा,

आईचा फोन आला होता. तुम्ही पत्र फाडलं नाहीत, असं ती म्हणाली. वाचलंत का विचारलं, तर म्हणाली, "उघडं होतं बाई टेबलावर. वर पेपरवेट होता." मला एवढं पुरे.

चष्मा द्यायच्या निमित्ताने मी त्यांची कार्यशाळा बघून आले. ग्रंथालयाच्या मागे, पत्र्याची शेड. एका भिंतीवर हत्यारं टांगलेली, प्रत्येकाच्या मागे त्याची बाह्यरेषा रंगवलेली, म्हणजे कुठलं जागेवर नाही ते लगेच दिसतं. समोरच्या भिंतीवर पितळी पट्ट्या. नाव, हुद्दा, तारीख. त्यांच्या मागे कुठलीही रेषा नाही.

गाडी मधोमध ठोकळ्यांवर होती, वरचं कवच काढलेलं. बरगड्या मोजता येतील अशी. मला अर्ध्या गोष्टी कळल्या नाहीत, म्हणून मी विचारत सुटले. चालक आडवा का झोपतो? गियर पायाने की हाताने? चाकं झाकत का नाहीत? मुलं खूष झाली. त्यांना कुणी विचारत नसावं. त्यांचे सर होते, ते म्हणाले, "तुम्ही त्याच्या बहीण शोभता खऱ्या."

मग कप्तानने मला सगळा सोहळा करून दाखवला. गाडीत बसण्याआधी चालक त्या डाव्या चाकापाशी येतो. गुडघा टेकतो, टायरवर हात ठेवतो आणि मान इतकी खाली नेतो की कपाळ चाकाला लागेल असं वाटतं. क्षणभर तसाच राहतो. मग उठतो. मला भरून आलं. खोटं कशाला सांगू.

"हेही जुनंच का?"

"हो, खूप जुनं," कप्तान म्हणाली.

मी त्या नटाकडे बघत होते. जवळच तो लांब पाना होता. ठरलेल्या जोरापर्यंत आवळलं की टक असा आवाज करणारा. बाकीच्या तीन चाकांना तो लावतात. या चाकाला घरच्या माणसाच्या हातात साधा पाना देतात.

"आणि त्यानंतर तपासतं कोण?" मी विचारलं.

"कशानंतर?"

"घरच्या माणसाने आवळल्यानंतर."

मुलांनी सरांकडे बघितलं. मग सर म्हणाले, "ताई, तो प्रसंगच असा असतो हो. एखाद्या आईने हात लावलाय, आणि लगेच आपण मागून पाना घेऊन जायचं? बरं दिसतं का?"

"दिसायचं सोडा. नट घट्ट नसला तर?"

"आजवर काही झालेलं नाही," एक मुलगा म्हणाला.

"गेल्या वर्षी कुणी आवळला होता?"

"एक आजोबा होते," कप्तान म्हणाली. "हात थरथरत होते त्यांचे."

"मग?"

"मग काय. डावी वळणं... सॉरी, उजवी वळणं जरा हळू घेतली मी. तेव्हा भार या चाकावर येतो." ती हसली. तिच्याबरोबर कुणी हसलं नाही.

हा प्रश्न मी आधी कुठे विचारला होता ते तुम्हाला आठवत असेलच. आपल्याच बैठकीच्या खोलीत. ते अधिकारी टोपी मांडीवर घेऊन बसले होते. ट्रक डोंगरातल्या वळणावरून खाली गेला, एकच जण वाचला, एवढंच ते सांगत होते. मी विचारलं, ट्रकचे ब्रेक निघण्यापूर्वी कुणी तपासले होते? आणि तुम्ही म्हणालात, "माझ्या पोराच्या मरणाची मेस्त्रीची चूक करू नकोस." ते आपलं शेवटचं बोलणं.

त्यानंतर मी सैन्याच्या कचेरीला दोनदा लिहिलं. उत्तर एकच आलं, वडिलांमार्फत विचारावे. म्हणजे तुम्ही विचारल्याशिवाय मला कधीच कळणार नाही. हे मी तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही. कुलूप कुठे आहे ते सांगते आहे.

तुमच्या मुलाला कुणी लहान करत नाही, अण्णा. मला फक्त कळून घ्यायचं आहे.

थोरली


२ नोव्हेंबर

अण्णा,

हे पत्र बसून वाचा.

धाकट्याच्या संघातला त्याचा जोडीदार मला सापडला. आता लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत आहे. मी त्याला विचारायला गेले होते की धाकटा तिथे नेमकं काय करायचा. गाडी चालवायचा का? तो म्हणाला, "छे हो, ताई. चालवता कुठे येत होती त्याला? कुंपणात घालायचा. चाकं त्याच्याकडे होती."

चाकं त्याच्याकडे होती. लावणं, काढणं, तपासणं.

मी सहज त्या गुडघा टेकण्याबद्दल बोलले. किती सुंदर पद्धत आहे म्हटलं. तो माझ्याकडे बघतच राहिला.

"अजून करतात ते?"

"हो. कपाळ टेकवतात अगदी."

त्यावर तो इतका हसला की शेजारच्या टेबलावरची बाई वळून बघायला लागली. मग त्याने चष्मा काढून डोळे पुसले.

"अहो, तो नमस्कार नव्हता. तो रेघ बघायचा."

तो जे म्हणाला ते असं. धाकट्याला ती पद्धत मान्य नव्हती असं नाही. घरच्यांनी नट आवळावा हे त्याला आवडायचं. न तपासता गाडी सोडणं त्याला झेपत नव्हतं. पण तिथे सगळ्यांसमोर हत्यार लावणं म्हणजे घरच्यांचा अपमान. म्हणून तो सकाळीच एकटा जाऊन नट पुरा आवळायचा, टक आवाज येईपर्यंत. मग नटावर आणि मागच्या तबकडीवर मिळून पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ ओढायचा. नंतर नट सैल करून ठेवायचा. घरच्या माणसाने आवळला की रेघेला रेघ मिळाली पाहिजे. मिळाली तर जवळपास तेवढा घट्ट, नाही मिळाली तर कमी. पण रेघ इतकी बारीक की चाकाला नाक लागेपर्यंत वाकल्याशिवाय दिसायची नाही. म्हणून तो गुडघा टेकायचा.

"आणि नाही मिळाली तर?"

"एकदा नव्हती मिळाली. एक काकू होत्या. मग हा तसाच वाकलेला, काकूंना म्हणतो, काकू, अजून एकदा आवळा ना, तुमच्या मुलाला आवडायचं सगळं दोनदा. काकू रडत रडत हसल्या आणि आवळला त्यांनी परत."

लोकांना वाटलं, काय हा मुलगा, किती भाव आहे त्याच्या मनात. पुढच्या वर्षी दुसऱ्याने गुडघा टेकला. रेघेचं त्याने कुणाला सांगितलं होतं की नव्हतं, जोडीदाराला माहीत नाही. तो गेला, रेघ गेली, गुडघा राहिला.

मला राहून राहून नवल वाटतं. इतकी वर्षं ती मुलं त्या चाकापाशी वाकतात, डोळे नटापासून वीतभर अंतरावर असतात, आणि मिटलेले असतात.

थोरली


९ नोव्हेंबर

अण्णा,

मी कप्तानला सगळं सांगितलं. ती चष्मा काढून पुसत बसली. मग म्हणाली, "म्हणजे मी गेल्या वर्षी वाकले तेव्हा मला दिसलं असतं."

ती सरांकडे गेली. सर भले आहेत. ते म्हणाले, यंदा कुलगुरू आहेत, माजी सैनिक आहेत, इतर कुटुंबं बोलावली आहेत. ऐन वेळी आपण घरच्यांवर पाना चालवला तर चुकीचा अर्थ जाईल. पुढच्या वर्षी बघू.

"पुढच्या वर्षी मी नसेन," कप्तान मला म्हणाली. मग स्वतःच दचकली. "म्हणजे, पास होईन हो."

तिचं म्हणणं असं की संघातल्या कुणी ते केलं तर ते उद्धटपणा ठरेल. घरच्या माणसाने मागितलं तर कोण अडवणार? रेघ ती सकाळी मारून ठेवणार आहे. बघायची की नाही, ते तुम्ही ठरवायचं.

मी येऊन बघितली असती. पण मी बघितली तर 'ही पुन्हा सुरू झाली' एवढंच होईल. तिथे तुम्ही विचारलेलं चालतं.

तेवीस तारखेला, सकाळी. जुन्या धावपट्टीवर आहे. बस थेट फाटकापाशी थांबते. उन्हाची टोपी न्या. उभं राहावं लागेल, पण त्याची तुम्हाला कुठली फिकीर.

थोरली


२४ नोव्हेंबर

अण्णा,

तुम्ही काल शर्यत सुटण्याआधीच बस पकडलीत, म्हणून राहिलेलं कळवते. आणि तुमच्या पाठीमागे जे झालं तेही.

मी येणार नाही म्हटलं होतं आणि आले. कठड्यामागे, शेंगदाणेवाल्याच्या शेजारी उभी होते. चोरासारखी, डोक्यावर ओढणी घेऊन. तुमचा कोट मी लांबूनच ओळखला.

नाव पुकारलं आणि मुलांनी "हजर" म्हटलं, तेव्हा तुमचेही ओठ हलले. इतक्या लांबून मला ऐकू आलं नाही. काय म्हणालात?

तुम्ही नट आवळलात. जोर लावलात तेव्हा उजवा खांदा जरा उचलला गेला, त्याच्यावरून मला कळलं की तो अजून दुखतो. टाळ्या वाजणार होत्या. तुम्ही उठला नाहीत. आधी एक गुडघा टेकलात, मग दुसरा. चष्मा कपाळावर चढवलात, परत खाली घेतलात. पुढे वाकलात, मागे सरलात. लोकांना वाटलं, बापाला भरून आलंय. माझ्या शेजारच्या बाईने डोळ्यांना पदर लावला. मला मात्र दिसत होतं की तुम्हाला दिसत नाहीये.

माइक तुमच्या जवळच होता हे तुम्हाला माहीत नव्हतं. म्हणून सांगते, ते सगळ्या मैदानाने ऐकलं.

"थोरली आली असेल इथेच कुठेतरी. बोलवा तिला. मला दिसत नाही."

मी कठड्याखालून वाकून आले. ओढणी तिथेच अडकली. शेंगदाणेवाल्याने नंतर आणून दिली.

तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. "बघ," एवढंच म्हणालात. मी बघितलं. दोन पिवळ्या टोकांमध्ये तांदळाच्या दाण्याएवढं अंतर होतं. तुमच्या शेजारी गुडघे टेकून, तुमच्या कोटाच्या बाहीला नाक लागत होतं तिथून मी म्हटलं, "कमी आहे, अण्णा."

मग सर पुढे आले. ते तुमच्या मागे होते, त्यांचा चेहरा तुम्हाला दिसला नाही. त्यांना रडू येत होतं आणि रागही येत होता. "अण्णासाहेब, आपली पद्धत अशी आहे की..."

"घरचा हात शेवटचा ना?" तुम्ही म्हणालात. "मग अजून माझं झालं नाही. मोठा पाना आणा."

शाळेच्या मैदानावरचा आवाज. चार मुलं एकदम धावली. त्यातल्या एकाने टाचा जुळवल्या.

तुम्ही कप्तानचा हात पान्यावर तुमच्या हाताखाली ठेवून घेतलात ते मला आवडलं. टक आवाज झाला तोही ध्वनिक्षेपकावर आला. सगळ्या मैदानावर. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. काय करायचं असतं ते कुणाला कळलंच नाही.

यानंतर तुम्ही निघालात, म्हणून पुढचं तुम्हाला ठाऊक नाही. पाहुण्यांच्या खुर्च्यांत एक आजोबा होते. गेल्या वर्षीचे. ते काठी टेकत गाडीपाशी आले. कप्तान हेल्मेट चढवत होती.

"पोरी, माझा झाला होता का गं घट्ट?"

तिने चष्मा नीट केला. "झाला होता आजोबा. पक्का."

ते समाधानाने परत जाऊन बसले. तिने माझ्याकडे बघितलं नाही, मी तिच्याकडे बघितलं नाही.

गाडी पाचवी आली. उजवी वळणं तिने हळू घेतली नाहीत. परतल्यावर सर म्हणाले की पुढच्या वर्षीपासून मोठा पानाच घरच्यांच्या हातात देऊ, म्हणजे टक त्यांनाच ऐकू येईल. मला त्यांचा राग नाही.

आईला विचारा, तुम्ही जेवलात का. मी तुम्हालाच विचारलं असतं.

थोरली


३० नोव्हेंबर

थोरलीस,

पत्रं मिळाली. सगळी. उत्तर लिहायचं म्हणजे कुठून सुरू करावं ते समजत नव्हतं, म्हणून वेळ गेला. तुझी आई म्हणते, नुसतं 'ठीक आहे' लिहून पाठवा. ते मला पटलं नाही.

मी "हजर" म्हणालो. बाकी काही नाही.

आता काही विचारायचं आहे. रंग पिवळाच का? तांबडा का नाही? तांबडा लांबूनही दिसला असता. पण त्याला लांबून दिसायला नको होता, हे लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं.

घरी आल्यावर मी गॅसच्या नळीची पट्टी बघितली. तिच्या स्क्रूवर पिवळी रेघ आहे. मग जिन्याचा कठडा बघितला. खालच्या तीन बोल्टांवर आहे, चौथ्यावर नाही. पाण्याच्या पंपावर आहे. माझ्या सायकलच्या दोन्ही चाकांवर आहे. मी रोज त्या सायकलवर बसतो. तुझ्या आईला विचारलं तर म्हणाली, तिला वाटायचं कारखान्यातून तसंच येतं. मी पलंगाखाली शिरलो होतो, तेव्हा ती ओरडली. तिथे आहे. कठड्याच्या चौथ्या बोल्टावर का नाही, ते मला समजलं नाही. हाताने हलवून बघितला, घट्ट आहे. तुला काही सुचतं का?

सुट्टीवर आला की हा दुपारभर घरात काय ठोकठाक करतो, असं मी त्याला रागावून विचारत असे. तो म्हणे, काही नाही अण्णा. मी पुढे विचारलं नाही.

जो मुलगा बापाच्या पलंगाला रेघ मारतो, तो ट्रकमध्ये बसण्यापूर्वी चाकाशी वाकला नसेल, हे मला खरं वाटत नाही. वाकला असेल, तर त्याला काय दिसलं? दिसलं असून त्याने कुणाला सांगितलं का? सांगितलं असेल, तर त्याला काय उत्तर मिळालं? हे तिघांना विचारता येईल. त्याच्या बरोबर जो वाचला त्याला, गाड्यांच्या विभागाला, आणि त्या टोपीवाल्या साहेबांना. तू एकच प्रश्न विचारला होतास. हे तीन आहेत.

कचेरी दहाला उघडते. मंगळवारी गर्दी कमी असते, असं मी फोन करून विचारून घेतलं. फोनवरच्या माणसाने कशासंबंधी विचारलं. मी म्हटलं, माझ्या मुलासंबंधी. तो म्हणाला, अर्ज करा. मी म्हटलं, समक्ष येतो आहे, दोघं येतो आहोत.

तू मंगळवारी नऊ वाजता कचेरीच्या फाटकाशी थांब. कागद माझ्याकडे आहेत. आत गेल्यावर आधी मी बोलेन. तू मध्येच बोलतेस, तसं करू नकोस. माझा आवाज बसला तर मात्र थांबू नकोस.

अण्णा